खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

"मॅडम, आम्ही काहीच केलं नाही."

माझ्या एकतीस वर्षांच्या कामात हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. कॉम्प्युटर बंद पडला, नेटवर्क गेलं, प्रिंटर रुसला, की लोक मला फोन करतात आणि पहिलं वाक्य हेच असतं. मग मी जाते, टेबलाखाली वाकते आणि काही ना काही केलेलं सापडतंच. कुणी मोबाईल चार्ज करायला प्लग काढलेला असतो, कुणी झाडताना वायर ओढलेली असते, कुणाच्या भाच्यानं सुट्टीत येऊन मशीन 'जरा फास्ट' करून दिलेलं असतं. मी रागावत नाही. म्हणजे राग चेहऱ्यावर येऊ देत नाही.

मी नगरची. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं आहे आणि कागदावर मीही तसंच लिहिते, पण तोंडात नगरच येतं. वडील सरकारी कचेरीत कारकून. घरात सगळ्यांचा ओढा शिक्षकी पेशाकडे, म्हणून मीही सावेडीतल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायला लागले. तिथली मशीनं सारखी बिघडायची आणि पुण्याचा मेकॅनिक आठ-आठ दिवस फिरकायचा नाही. एक दिवस वैतागून मीच झाकण उघडलं. त्यानंतर शिकवणं मागं पडलं ते पडलंच.

नागापूरच्या एमआयडीसीत कामाला जाऊ लागले तेव्हा गेटवरचा वॉचमन माझ्या खांद्यावरून मागं बघायचा, इंजिनिअर कुठं आहे म्हणून. मीच इंजिनिअर म्हटलं की तो आत फोन लावून विचारायचा, 'बाई आल्यात, सोडू का?' त्या बाईपणाचा एक फायदा झाला. माझी चूक कुणी विसरणार नाही हे पक्कं ठाऊक असल्यामुळे माझ्या चुका कमी झाल्या. अगदीच झाल्या नाहीत असं नाही. त्यातली एक आज लिहायला घेतली आहे. तीही का, तर तिच्यातून जे निघालं त्याचा मला आजवरच्या कुठल्याही कामापेक्षा जास्त आनंद झाला.

पण आधी शिर्डीची गंमत सांगते, पुढे ती लागणार आहे. तिथल्या एका हॉटेलात खोल्यांच्या बुकिंगचा सर्व्हर होता. तो दुपारी बाराच्या सुमाराला आपोआप बंद पडायचा. मी दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा मशीन शहाण्यासारखं चालू होतं. मॅनेजर निकम भला माणूस, हात जोडून सांगायचा की आम्ही काहीच केलं नाही. तिसऱ्या वेळी मी न कळवता गेले. सर्व्हरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूच्या हारांच्या टोपल्या एकावर एक रचलेल्या. मालकाच्या भावाचं फुलांचं दुकान होतं आणि सबंध हॉटेलात कायम थंड असणारी खोली हीच. मशीनचं झाकण काढलं तर पंख्यात पाकळ्या गच्च भरलेल्या. मी येणार असं कळलं की टोपल्या हलायच्या, मी गेले की परत यायच्या. निकमचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "मॅडम, फुलांना पण एसी लागतो हो." मला हसू आवरेना. तेव्हापासून आमची दोस्ती आहे. पुढे त्यांनी नवा सर्व्हर घेतला आणि जुना त्याच खोलीच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

आता थोडं धंद्याचं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूर्वी कंपनीला पाच कामांसाठी पाच सर्व्हर लागायचे. हल्ली एकच दणकट मशीन घेतात आणि एका सॉफ्टवेअरच्या जोरावर त्याच्या पोटात पाच कॉम्प्युटर वसवतात. एका इमारतीत पाच बिऱ्हाडं असावीत तसं. प्रत्येकाची चूल वेगळी, पण खाली उतरायचा जिना एकच. तो जिना म्हणजे नेटवर्क कार्ड, तळहाताएवढी हिरवी पट्टी. जिना तुटला तर आत सगळे सुखरूप असतात आणि बाहेर कुणालाच भेटू शकत नाहीत.

हे सॉफ्टवेअर फार शिस्तीचं असतं. कुठली कार्डं चालतील याची एक यादी त्याच्याजवळ असते. यादीतल्या कार्डाशी बोलायला त्याच्याकडे दुभाष्या असतो, त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. यादीत नसलेलं कार्ड लावलं तर ते भांडत नाही, कुरकुरत नाही. ते कार्ड जगात नाहीच असं वागतं. आणि दर नव्या आवृत्तीत यादीतली काही जुनी नावं खोडली जातात.

अनंतरावांचा कारखाना नागापूरला, मोटारींचे गिअर बनवणारा. कुठला गिअर कसा कापायचा याचा प्रोग्रॅम सर्व्हरवरून तारेनं मशीनपर्यंत जातो आणि तपासणीची मापं त्याच तारेनं परत येतात. तिथल्या सर्व्हरचे मूळ पोर्ट, म्हणजे तार जोडायच्या जागा, एकदा विजेच्या झटक्यात जळाले. काम अडलं होतं, म्हणून मी बाजारातलं साधं कार्ड बसवलं. ते यादीत नव्हतं. पण इंटरनेटवर कुणा भल्या माणसानं त्याच्यासाठी घरगुती ड्रायव्हर लिहून ठेवला होता. तो घातला आणि कार्ड धावायला लागलं. दोन वर्षं बिनतक्रार धावलं. मला त्या जुगाडाचा अभिमान होता, दोन-चार ठिकाणी मी तो मिरवलाही.

त्या कारखान्यात झाडलोट आणि चहापाणी मंदाताईंकडे होतं. पाथर्डीकडच्या. लग्नानंतर बारा वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. दसरा झाला की बैलगाडीत संसार भरायचा आणि साखर कारखान्याच्या फडावर जाऊन पडायचं. मोठ्या मुलीची शाळा त्या फडातच सुटली. नवरा वारल्यावर त्यांनी कोयता खाली ठेवला आणि नागापुरात खोली घेऊन हे काम धरलं. धाकटी आता बारावीला होती. ती शिकेपर्यंत परत उसात जायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी मनाशी धरलेली होती. मी टेबलाखाली शिरले की त्या न बोलता टॉर्च धरून उभ्या राहायच्या. एवढा स्थिर हात मी शिकलेल्या माणसांचाही पाहिलेला नाही.

एमआयडीसीत खंडेनवमीचा मान मोठा. वर्षभर न थांबणारी मशीनं त्या दिवशी पुसून, तेल देऊन, हार घालून उभी करतात. चालू मशीनची पूजा करत नाहीत, हा तिथला नियम. अनंतराव तो सर्व्हरलाही लावायचे. मी कधी हरकत घेतली नाही. त्या वर्षी ऑफिसातल्या यंत्रांची पूजा मंदाताईंवर सोपवली होती. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना सुरू झाला आणि मला प्लांट मॅनेजर सावंतांचा फोन आला.

सर्व्हर चालू आहे, पण कुणालाच दिसत नाही, सगळी मशीनं उभी आहेत, असं त्यांनी सांगितलं. मग नेहमीचं वाक्य आलं, पण या वेळी त्याला शेपूट होतं. "आम्ही काहीच केलं नाही मॅडम. मंदाबाईनं सर्व्हरवर पाणी मारलंय." त्यांनी मलाही विचारलं, तुम्ही इतक्यात काही केलं होतं का? मी ताडकन म्हणाले, मी? मी तर कित्येक महिन्यांत हात लावलेला नाही.

गेटवर वॉचमनच्या बाकड्यावर मंदाताई बसलेल्या. मांडीवर डबा, तो उघडलेला नव्हता. अनंतरावांनी त्यांना सकाळीच कामावरून काढलं होतं. मला बघून उठल्या.

"मॅडम, म्या दोनच थेंब उडवलं फुलानं. तेबी कपाटावर, आत न्हाई. तुमी उघडून बघा आन् खरं काय ते सांगा. मुकादम टोळी भरतोय. आज नाव न्हाई दिलं तर तिथलीबी जागा जाईल, आन् दिलं तर पोरीचं काय करू?"

मी बघते म्हणाले. आत गेले तेव्हा माझ्या मनातही पाण्याचाच संशय होता, हे कबूल करते. सर्व्हरच्या लोखंडी कपाटाला हळदी-कुंकवाची बोटं, वर झेंडूचा हार, बाजूला पाण्याचा वाळलेला ओघळ. अनंतराव हाताची घडी घालून उभे होते. माणूस वाईट नाही, कामगाराच्या पोरीच्या लग्नाला स्वतः जातो. पण तापला की त्याला कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायला हवं असतं, आणि ते डोकं बहुतेक वेळा सगळ्यात खालचं निवडलं जातं. शंभरेक माणसं मशीनपाशी हातावर हात ठेवून बसली होती आणि प्रत्येकाला कारण माहीत होतं. मंदाबाईचं पाणी.

मी कपाट उघडलं. आत कोरडं ठणठणीत. ओघळ बाहेरच्या पत्र्यावर येऊन थांबलेला. कार्डाला तार जिथं जोडतात तिथला हिरवा दिवा जळत होता. पाण्यानं मेलेल्या कार्डाचा दिवा असा शांतपणे जळत नाही. मग मी सर्व्हरला स्क्रीन आणि कीबोर्ड लावले आणि विचारलं, तुझ्या अंगावर काय काय जोडलेलं आहे? त्यानं यादी दिली, त्यात कार्ड होतं. मग सॉफ्टवेअरला विचारलं, तुझ्याकडे नेटवर्क कार्डं किती? उत्तर आलं, एकही नाही.

म्हणजे कार्ड जिवंत, मशीनच्या लोखंडाला ते दिसतंय आणि सॉफ्टवेअर मात्र ओळख दाखवत नाही. असं एकाएकी का व्हावं? काही न सुचून मी सॉफ्टवेअरची आवृत्ती विचारली. स्क्रीनवर आकडा आला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. परवापर्यंत तिथं जुनी आवृत्ती चालत होती. ही नवी होती. आणि ती घातल्याची तारीख श्रावणातली.

श्रावणात ती मीच घातली होती. सुरक्षेसाठी ते गरजेचं होतं. नवी आवृत्ती आधी बाजूला येऊन बसते आणि मशीन पुन्हा चालू केल्यावर ताबा घेते. त्या दिवशी सावंत म्हणाले होते, मोठी ऑर्डर आहे, आत्ता सर्व्हर थांबवू नका. मी म्हणाले, सवडीनं करू. गणपती आले, गेले, नवरात्र बसलं. सवड मी विसरले. सर्व्हर जुन्याच आवृत्तीवर धावत राहिला, कारण त्याला कुणी बंदच केलं नाही. खंडेनवमीपर्यंत.

आणखी एक आठवलं, तेव्हा कानशिलं तापली. आवृत्ती घालताना पिवळ्या अक्षरांत एक ओळ आली होती, की तुमच्या या कार्डाचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीत चालणार नाही. मी ती वाचली होती. चालेल, आपला जुगाड आहे, असं मनात म्हणून पुढे गेले होते. एकतीस वर्षं लोकांना मी सांगत आले की मशीन काय म्हणतंय ते आधी वाचा.

जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं का पाहिलं. नव्या आवृत्तीनं डिस्कवरची मांडणीच बदलली होती, त्यामुळे मागं फिरायची वाट बंद. घरगुती ड्रायव्हर पुन्हा घालून पाहिला, तिनं तो दारातच परतवला. बॅगेतलं यूएसबीचं कार्ड लावलं, तेही तिच्या लेखी नव्हतंच. उपाय एकच, यादीतलं कार्ड. नगरमधल्या दोन दुकानदारांना तर मी काय मागते आहे तेच कळेना. पुण्याचा म्हणाला, मागवावं लागेल, चार दिवस. आणि मग मला झेंडू आठवले. शिर्डीच्या त्या जुन्या सर्व्हरला मी स्वतः दोन पोर्टांचं कार्ड बसवलं होतं आणि ते नव्या यादीतही होतं.

निकमला फोन केला. स्क्रू कुठला काढायचा, कार्ड कडेनं कसं धरायचं, ते स्थिर विजेपासून जपणाऱ्या चंदेरी पिशवीत कसं घालायचं, सगळं फोनवर सांगितलं. नगरला भाविक घेऊन निघालेल्या एका गाडीच्या ड्रायव्हरकडे त्यानं ते दिलं. आता नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांतून ती गाडी येईपर्यंत दोन-अडीच तास मला करायला काही नव्हतं.

ते तास मला नीट आठवतात. मंदाताई बाकड्यावरून उठून खोलीवर गेल्याचं वॉचमननं सांगितलं. सावंतांनी चहा पाठवला. तो प्यायला मला कसंसंच झालं, कारण मला एक गोष्ट लख्ख दिसली होती. मी काहीही खोटं बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं. मी नवं कार्ड लावणार, नेटवर्क चालू होणार आणि बघणारा प्रत्येक जण म्हणणार की बघा, कार्डच जळालं होतं, पाण्यानं. माझी दुरुस्तीच त्यांच्या समजुतीचा पुरावा ठरणार होती. ती पिवळी ओळ वाचू शकणारं दुसरं कुणी तिथं येणार नव्हतं. मी सुटणार होते आणि मंदाताई उसात जाणार होत्या.

मोह झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला गेटवरचे वॉचमन दिसले, 'बाई आल्यात, सोडू का' म्हणणारे. शेजारच्या प्लॉटमधल्या दोन कंपन्यांची कामं माझ्याकडे होती, तिथं संध्याकाळपर्यंत बातमी गेली असती. बाईला सर्व्हर दिला आणि तिनं कारखाना बंद पाडला. पंधरा-वीस मिनिटं मी स्वतःची वकिली केली. मग स्वतःचीच लाज वाटली आणि मी उठून जुनं कार्ड काढून स्वच्छ पुसून ठेवलं.

दुपारी अडीचला गाडीचा ड्रायव्हर आला, हातात पेढ्यांचा पुठ्ठ्याचा खोका. आत चंदेरी पिशवी, पिशवीत कार्ड, एक ओरखडा नाही. मी ते बसवलं, सर्व्हर चालू केला आणि पुन्हा तोच प्रश्न टाकला, तुझ्याकडे नेटवर्क कार्डं किती? दोन ओळी आल्या. दोन पोर्ट, दोन्ही जागे. आतल्या बिऱ्हाडांची वाट या नव्या जिन्याला जोडून दिली आणि खालच्या एका मशीनला हाक मारली. पहिली हाक वाया गेली. दुसरीला उत्तर आलं.

खाली हॉलमध्ये एकेका मशीनचा पडदा उजळत गेला. मग पहिल्या मशीननं गिअर कापायला घेतला, मग दुसऱ्यानं, आणि पाच मिनिटांत सगळी इमारत गुरगुरायला लागली. तो आवाज सुरू होताना अंगावर जो काटा येतो, त्यासाठी मी हा धंदा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सावंतांचा जीव भांड्यात पडला. अनंतराव माझ्याजवळ आले आणि मला ज्याची भीती होती तेच बोलले.

"बघा मॅडम. मी सकाळपासून सांगत होतो. पाण्यानंच कार्ड गेलं."

मी म्हणाले, दोन मिनिटं माझ्याबरोबर रिसेप्शनला या. सावंतांनाही या म्हटलं, इलेक्ट्रिशियनलाही, आणि जे जे तिथं होते त्या सगळ्यांना. रिसेप्शनचा कॉम्प्युटर साधा, त्याला यादीची भानगड नसते; तो उघडला, त्यात ते 'जळालेलं' जुनं कार्ड बसवलं, तिथली तार त्याला लावली आणि मशीन सुरू केलं. हिरवा दिवा लागला. रिसेप्शनच्या मुलीला म्हटलं, काहीतरी उघड. तिनं आजच्या बातम्या उघडल्या.

"हे कार्ड जळालेलं नाही," मी म्हणाले. "सर्व्हरमध्ये नवी आवृत्ती मी घातली, श्रावणात. हे कार्ड तिच्यात चालणार नाही असं मशीननं मला सांगितलं होतं. मी दुर्लक्ष केलं आणि विसरून गेले. खंडेनवमीला सर्व्हर बंद झाला नसता तर ही चूक दिवाळीत उघडी पडली असती, नाहीतर उन्हाळ्यात. मंदाताईंचा यात काडीचा संबंध नाही. चूक माझी आहे."

बोलून झाल्यावर छाती मोकळी झाली होती. मी बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिले. अनंतराव माझ्याकडे बघत राहिले आणि मग चक्क हसले. अहो मॅडम, चूक कुणाकडून होत नाही, म्हणाले. चार तासांत चालू करून दिलंत ना, झालं तर मग. बसा, चहा घ्या. आणि त्या बाईला निरोप पाठवा, उद्यापासून ये म्हणावं.

मी चहा घेतला नाही. निरोप मीच देते म्हणाले आणि स्कूटर काढली. मंदाताईंची खोली कारखान्यापासून दहा मिनिटांवर. दारात त्यांचं गाठोडं बांधलेलं. आत कोपऱ्यात धाकटी पुस्तकं पोत्यात भरत होती. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. आवृत्ती, पिवळी ओळ वगैरे त्यांना किती कळलं कोण जाणे, पण चूक माझी होती आणि मी ती सगळ्यांसमोर सांगितली, हे कळलं. त्यांनी आधी मुलीकडे बघितलं, मग डोळे पुसले. मला वाटलं आता त्या हात धरतील, निदान बरं झालं म्हणतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग तुमाला काडलं का?"

मी म्हणाले, नाही.

"काय म्हनले सायेब?"

चहा घ्या म्हणाले, मी सांगितलं. सांगताना माझी मान खाली गेली.  त्या उठल्या, पदर सारखा केला.

"चूक झालेल्याला च्या, आन् न झालेल्याला गेटाभाईर. उद्या न्हाई मॅडम, आत्ताच येते. मला सायबास्नी एक इचारायचंय."

एकतीस वर्षांत माझ्या स्कूटरवर मागं बसून इतकं ताठ कुणी आलेलं नाही. गेटवर वॉचमन काही म्हणायच्या आत त्या आत शिरल्या होत्या. अनंतराव ऑफिसात नव्हते. खाली हॉलमध्ये, मशीनच्या रांगेत फिरत होते. मंदाताई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी चार पावलं मागं. मशीनच्या आवाजात शब्द पोचावा म्हणून त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं.

"सायेब, मॅडमनी चूक केली तर त्यांला च्या इचारला. म्या काय केलं हुतं, म्हनून बघायच्या आदीच काडलं?"

अनंतरावांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं नाही. त्यांनी सावंतांकडे बघितलं, सावंत हातातले कागद चाळायला लागले. मग त्या माणसाचा चेहरा बदलताना मी पाहिला. आधी ताठरपणा आला, तो गेला आणि खाली काहीतरी खरंखुरं उरलं. ते पुटपुटले. ओठांवरून मला कळलं, माझं चुकलं, असं म्हणाले.

मंदाताईंनी कानामागे हात धरला. "आयकू न्हाई आलं सायेब. मशिनी चालू हायेत."

 मालकाला असं कुणी म्हटलेलं त्या हॉलनं ऐकलं नसेल.  अनंतरावांनी दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि गिरणीत द्यावी तशी हाक दिली, "मंदाताई, माझं चुकलं!" मंदाबाईचं ताई त्यांनी त्या वेळी पहिल्यांदा केलं. शेवटच्या मशीनवरच्या माणसानंही मान वर केली. कुणी हसलं नाही.

"आता आलं," मंदाताई म्हणाल्या, आणि पदर खोचून आत कामाला गेल्या.